फैलक्याची बोरं

कुवेतमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली आणि फैलका बेट एकदाही पाहिलं नाही, असं सांगितलं की लोक म्हणायचे, "सिस्टर, साल्मियाहून बोटीने तासाभराची वाट. तेवढंही जमलं नाही?" मी म्हणायची, ड्यूटी. हे एकच उत्तर मी आयुष्यभर सगळ्यांना दिलं. नणंदेच्या लग्नाला ड्यूटी, वडिलांच्या आजारपणात ड्यूटी, मुलीच्या शाळेतल्या नाटकाला ड्यूटी. बहुतेक वेळा ते खरंही होतं. फैलक्याच्या बाबतीत मात्र नव्हतं. गेली सहा वर्षं मी तिकडे जायचं टाळत होते, कारण तिथे पर्यटकांना बेट दाखवणारा एक माणूस होता आणि त्या माणसाशी मी खोटं बोलले होते.

यंदा मार्चअखेर माझी नोकरी संपते. नोकरी संपली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तोही संपतो. नवऱ्याने शुऐबाच्या कारखान्यातला राजीनामा दिलाय, फरवानियाच्या फ्लॅटमधलं अर्धं सामान खोक्यांत गेलंय. एका संध्याकाळी खोकी बांधता बांधता मी त्याला म्हटलं, "या शुक्रवारी फैलक्याला जायचं."

नवरा कुडाळकडचा. घरात त्याच्या तोंडी मालवणीच असते. म्हणाला, "पडकी घरां बघूक बोटीत बसान कित्याक जावचा? ती आमच्या गावात काय कमी आसत?"

त्याला मी कारण सांगितलं नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तरी ही एक गोष्ट मी त्यालाही सांगितली नव्हती.

करोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा मेडिकल वॉर्डची हेड नर्स होते. वॉर्डात एक म्हातारी होती, ऐंशीच्या पुढची. साखरेने डोळे गेलेले, किडन्या जेमतेम चालणाऱ्या. कुवेतमध्ये आईला यम्मा म्हणतात. ती साऱ्या वॉर्डची यम्मा झाली होती. मूळची फैलक्याची. इराकी सैन्य आलं तेव्हा बेटावरच्या सगळ्या लोकांना बाहेर काढलं. पुढे देश सुटला, सरकारने या लोकांना इकडे किनाऱ्यावर घरं दिली, पण बेटावर परत वस्ती काही झाली नाही. यम्माचा मुलगा साठीला टेकलेला. शुक्रवार-शनिवारी पर्यटकांना बोटीने नेऊन फैलका फिरवायचा आणि तिथून परस्पर वॉर्डात यायचा. येताना आईसाठी बोरं आणायचा. इथले लोक बोरांना कनार म्हणतात. "आपल्या अंगणातली," असं म्हणून तो पिशवी तिच्या हातात द्यायचा. ती एकेक बोर चाचपायची, वास घ्यायची आणि म्हणायची, "हो, आपलीच."

त्याच दिवसांत माझ्या नातीचं बोरन्हाण करायचं होतं. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीच्या आत उरकायला हवं होतं, आणि मला मनासारखी बोरं मिळत नव्हती. ड्रेसिंग करताना सहज यम्माला म्हटलं, की आमच्यात लहान मुलाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा असं ओततात आणि बाकीची पोरं ते वेचायला धावतात. ती उठूनच बसली. म्हणाली, "आमच्यातही! बाळाला पहिला दात आला की आजी वरून सुकामेवा आणि मिठाई ओतते. गल्लीतली सगळी पोरं जमतात." माझी मोडकी अरबी आणि तिचे हातवारे यांच्यावर आमचं छान जमायचं. मुलगा नेहमीसारखी बोरं देऊन गेल्यावर तिने उशाची पिशवी काढून माझ्या हातात कोंबली. "ही ओत मुलीच्या डोक्यावर. आमच्या झाडाची नाही हं ओतायची. ती खड्यासारखी बारीक आणि आंबट. दात आंबतात." मी बघतच राहिले. पाच मिनिटांपूर्वी हीच बाई या बोरांना आपली म्हणत होती! म्हटलं, वय झालंय, डोकं इकडेतिकडे होतं. चार्टवरही तसं लिहिलं होतंच. बोरं मोठी होती, गोड होती. नातीच्या डोक्यावरून तीच ओतली.

पुढच्या आठवड्यात यम्माने एकच धोशा लावला. मला घरी न्या. फैलक्याला न्या. सोमवारी सकाळी मुलगा तिच्या खाटेपाशी उभा राहिला आणि मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं मला म्हणाला, "सिस्टर, हिला एक दिवसाचा पास मिळेल का? सकाळी नेतो, दुपारी आणतो."

मी डॉक्टरांना विचारलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "धोका आहे, पण आता हिच्या बाबतीत धोका कशात नाही? तुम्ही तिला रोज बघता. तुम्ही हो म्हणा, मी सही करतो."

म्हणजे निर्णय माझा होता. त्या आठवड्यात वॉर्डाचं इन्स्पेक्शन होतं. दोन मुली रजेवर. यम्माला पाठवायचं म्हणजे सोबत एक नर्स, ऑक्सिजनचा सिलिंडर, तीन ठिकाणच्या सह्या. आज मी म्हणू शकते की मला तिच्या जिवाची काळजी वाटली. खरं ते नाही. मला कटकट नको होती.

आमच्या पेशात एक जुनी सवय आहे. 'नाही' नर्सने आपल्या तोंडाने म्हणायचं नाही, ते डॉक्टरांच्या तोंडी घालायचं. पेशंटला लोणचं हवंय? डॉक्टर नको म्हणतात. भावाला भेटीची वेळ संपल्यावर थांबायचंय? डॉक्टर रागावतील. डॉक्टर बिचारे कँटीनमध्ये सँडविच खात असतात. समोर नसलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही, आणि सुई टोचणाऱ्या बाईवर कुणाचा राग राहत नाही. नव्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवायची. तेच मी केलं. खाटेपाशी जाऊन त्याला म्हटलं, "डॉक्टर नाही म्हणतात. गुरुवारी बघू."

बुधवारी सकाळी, अंग पुसत असताना, यम्मा गेली.

तो कागदपत्रं न्यायला आला तेव्हा वॉर्डासाठी खजुराचा डबा घेऊन आला होता. मला म्हणाला, "सिस्टर, एकदा फैलक्याला या. तिचं घर दाखवतो." मी हो म्हटलं. पुढची सहा वर्षं बोरं बाजारात आली की माझं मन खाई त्याला खवखवे तसं व्हायचं. नातीला मात्र बोरन्हाणाचं काही आठवत नाही. आता ती मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते.

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी मी बस स्टॉपमागच्या बंगाली भाजीवाल्याकडून अर्धा किलो बोरं घेतली. माफी मागायला रिकाम्या हाताने कसं जायचं? नवरा म्हणाला, "जेच्या दारात बोरीचा झाड, तेका बोरां नेतंस?" मला ते सुचलंच नव्हतं. पण घेतली ती घेतली.

धक्क्यावर यम्माच्या मुलाने मला लगेच ओळखलं. दाढी सगळी पांढरी झाली होती. "सिस्टर," एवढंच म्हणाला, मग बोटांवर सहा वर्षं मोजली आणि हसला. मी ठरवलं होतं, बोटीतच सांगून टाकायचं. पण बोटीत वारा होता. मग म्हटलं, उतरल्यावर. उतरल्यावर लोक होते. आमच्याबरोबर पाच-सहा फिलिपिनो नर्सेस होत्या, एक तरुण जोडपं होतं, आणि गोऱ्या निवृत्त मास्तरासारखे दिसणारे एक गृहस्थ. एका जुनाट बसमध्ये बसून आम्ही फिरलो. तो पुढे माइक घेऊन उभा.

बोलायचा मात्र झकास. ग्रीकांच्या देवळाचे चौथरे दाखवून म्हणाला, "हे लोक बावीसशे वर्षांपूर्वी आले. जाताना दगड ठेवून गेले. पाहुणा असावा तर असा." गोळ्यांनी चाळण झालेल्या बँकेपुढे उभा राहून म्हणाला, "इथे माझं खातं होतं. पासबुक अजून आहे, बँक तेवढी नाही." सगळे हसले. गंजलेल्या रणगाड्यांजवळ त्याने नर्सेसचे फोटो काढून दिले. मग घरांची रांग आली. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, आत गुडघाभर वाळू. तिथे त्याने बस हळू घ्यायला सांगितलं नाही. "ही लोकांची घरं," एवढंच म्हणाला आणि उंटांकडे बोट दाखवलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा डोळा लागला होता.

चहाच्या थांब्याला सगळे बाकांवर पसरले. नवऱ्याने गुडघा चोळत कडक चहाचा पेला घेतला आणि मी उठते तोच यम्माचा मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "चला. घर दाखवायचं कबूल केलं होतं."

पाचेक मिनिटांची वाट. मघाच्याच रांगेतलं एक घर. फाटकाच्या चौकटीवर निळ्या रंगाचा एक पापुद्रा उरला होता. उंबऱ्यापाशी मी सवयीने सँडल काढले. तो घाईघाईने म्हणाला, "नको, नको, काचा आहेत." अठ्ठावीस वर्षं मधुमेहाच्या पेशंटांना मी सांगत आले की अनवाणी फिरू नका. मुकाट्याने सँडल घातले.

"इथे आम्ही भावंडं झोपायचो. इथे तिची चूल. इथे बसून ती मासे साफ करायची आणि शेजारणीशी भिंतीवरून भांडायची." माइकवरचा आवाज आता राहिला नव्हता. हळू बोलत होता.

मी विचारलं, "आणि बोर?"

त्याने अंगणाचा कोपरा दाखवला. तिथे सिमेंटचा फुटका पार होता आणि पारात वीतभर काळं खोड. "इराकी होते त्या हिवाळ्यात सैनिकांनी तोडून जाळली. शेकायला."

ते खोड सहा-सात वर्षांपूर्वीचं नव्हतं. मी कुवेतला येण्याच्याही आधी ती बोर गेली होती. मी खोडाकडे पाहत राहिले आणि तो माझ्याकडे. मी काय विचार करतेय ते त्याला कळलं.

"फरवानिया," तो म्हणाला. "बस स्टॉपमागे एक बंगाली भाजीवाला आहे."

मी पर्समधली पिशवी काढून त्याच्या हातात दिली. पिशवीवर त्याच दुकानाचा शिक्का. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि पाराच्या कडेवर बसला. मीही बसले.

"युद्धानंतर पहिल्यांदा मी एकटा येऊन गेलो," तो सांगायला लागला. "घरी गेलो तर तिचा पहिला प्रश्न, झाड आहे? मी म्हटलं, आहे. घर? आहे, थोडा रंग गेलाय. तिचे डोळे तेव्हाच अधू झाले होते, ती कशाला येते बघायला? पण एकदा झाड आहे म्हटल्यावर पुढे ते मारायचं कसं? दर वर्षी त्याला बोरं यायला लागली."

माझं मन लगेच म्हणालं, चला, फिट्टंफाट. हाही खोटा, मीही खोटी. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. आता गप्प बसलीस तरी चालेल, दोन घटका बसावं आणि चहाला जावं. हा विचार इतका गोड वाटला की मला स्वतःची लाज वाटली. त्याच लाजेच्या जोरावर मी बोलले.

"अखूय," मी म्हटलं. अखूय म्हणजे भाऊ. वॉर्डात मी त्याला तसंच म्हणायची. "त्या वेळी पासला डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. नाही मी म्हटलं. मला त्या आठवड्यात त्रास नको होता. तुमची आई इथे येऊ शकली असती."

अरबी मोडकी, हिंदी मोडकी, पण त्याला सगळं समजलं. बाहेर कुठे तरी नर्सेस हसत होत्या. मी वाट पाहत होते की हा आता उठेल आणि निघून जाईल, आणि तसं झालं असतं तर मला ते मान्य होतं.

तो म्हणाला, "मी पास का मागितला माहीत आहे? तिला ऐकू जावं म्हणून. तुम्ही डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत मी मनात अल्लाहला म्हणत होतो, नाही म्हणू दे, नाही म्हणू दे. हो आलं असतं तर तिला मी कुठे आणणार होतो? इथे? ती हाताने चाचपून बघणारी बाई. हा पार, हे खोड, ही भिंतीतली भोकं तिच्या हाताला लागली असती. तुम्ही नाही म्हणालात आणि मी गाडीत जाऊन आनंदाने रडलो. दोन दिवसांनी ती गेली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुम्हाला घर बघायला बोलावलं ते हे सांगायला. तुम्ही आलाच नाहीत. सहा वर्षं मला वाटतंय, त्या चांगल्या बाईच्या आणि डॉक्टरच्या तोंडून मी माझं नाही वदवून घेतलं."

मला रडू आलं. सुटले म्हणून नव्हे. त्याला नाही हवं होतं म्हणून माझं नाही काही चांगलं होत नाही. मी ते त्याच्यासाठी म्हटलंच नव्हतं. पण सहा वर्षं ते डॉक्टरांच्या नावावर होतं, आता माझ्या नावावर आलं. तेवढंच.

डोळे पुसताना मला एकदम ते आठवलं. बोरन्हाणाची पिशवी. खड्यासारखी बारीक, आंबट. हे सांगावं की नाही? मी नर्स आहे. पेशंटच्या माणसांना काय सांगायचं, काय गाळायचं, हे मी आयुष्यभर ठरवत आले. गाळणं किती सोपं होतं! नाही सांगितलं तर हा एवढंच दुःख घेऊन घरी जाईल, जे त्याच्या ओळखीचं आहे. पण आता नाही म्हणायला इथे डॉक्टर नव्हते.

"तुमच्या झाडाची बोरं कशी होती?" मी विचारलं.

"कशी म्हणजे?"

"गोड होती?"

तो हसला. "गोड? इतकी आंबट की शेजारची पोरं चोरून न्यायची नाहीत. बारीक, नुसती बी."

"यम्माने मला तेच सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही आणलेली बोरं माझ्या हातात देताना. म्हणाली, ही ओत, ही चांगली आहेत. आमच्या झाडाची आंबट असतात. मला वाटलं, म्हातारपणामुळे बरळतेय."

त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण त्यातून तो निघून गेला होता. मग त्याने पिशवीतलं एक बोर काढलं, अंगठ्याने चाचपलं, अगदी त्याची आई चाचपायची तसं. मोठं, गुळगुळीत, पिकलेलं बोर.

"म्हणजे तिला माहीत होतं," तो म्हणाला.

"बहुतेक पहिल्या पिशवीपासून."

"आणि मग ती घरी न्या, घरी न्या म्हणत होती ते कशाला?"

"मला माहीत नाही," मी पहिल्यांदाच सरळ म्हटलं. तो खोडाकडे बघत बसला. डोक्यावरच्या रुमालाचं, गुत्र्याचं टोक डोळ्यांना लावून मग म्हणाला, "मी कधी खरं सांगतोय ते बघत होती. तीस वर्षं थांबली बिचारी."

आम्ही परत आलो तेव्हा लोक बसमध्ये बसले होते. नवऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. नुसती सरकून जागा दिली. तो गुण त्याच्यात आहे. धक्क्याकडे जाताना बस पुन्हा त्या रांगेत शिरली. मी खाली बघत होते. बस थांबली तेव्हा मान वर केली.

तो माइक हातात घेऊन उभा होता. एकदा घसा साफ केला.

"ही निळ्या रंगाची चौकट दिसतेय, हे माझं घर," तो म्हणाला. "माझ्या आईचं. अंगणात एक बोर होती. ती जाळली. हे मी आईला कधी सांगितलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "त्या झाडाची बोरं फार आंबट होती."

पुढे बसलेल्या एका नर्सने, अगदी लहान मुलीसारखं, विचारलं, "मग तुम्ही ती खात होता का?"

"रोज," तो म्हणाला, आणि ड्रायव्हरला चल म्हणून खूण केली.